अजून अर्धी

रिपोर्ट आला त्या आठवड्यात
वर्षाचे गहू नुकतेच भरून झाले होते.
सीहोरचा शरबती, दोन क्विंटल,
एरंडेल चोळून, वृषालीनं आणि मी.
बोटांचा वास अजून गेला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर.
म्हणाले, कणभरसुद्धा नाही.
रेवा खुर्चीवर बसून पाय हलवत होती.
वय नऊ, वजन सहाचं.

राजेंद्र नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी
बद्रीलालची चक्की.
ज्वारी दळून देतो म्हणाला, त्याच दगडांवर.
"एकदम सफा कर दूँगा, भाऊसाहेब,"
आणि दगडावर तोंडानं फुंकर मारली.
पांढरा ढग उठला.
मी श्वास धरून घरी आलो
आणि हप्त्यावर घरघंटी घेतली.
ती आता टीव्हीच्या जागी आहे,
टीव्हीपेक्षा जास्त बोलते.

मग प्रयोग.
मॉलमधला एकशे नव्वदचा पाव,
भाजला की पुठ्ठा, दुधात बुडवला की चिखल.
रेवानं त्याचं नाव ठेवलं थर्माकोल.
तांदळाची धिरडी दोन दिवस चालली.
साबुदाणा तर इंदूरला कधीही चालतो,
पण धारहून आईचा फोन,
"तुमच्याकडे रोजच एकादशी का रे?"
भाद्रपदात भुट्ट्याचा कीस, वरून जिरावन,
वाटी चाटून झाल्यावर पोरगी म्हणाली,
छान होतं. आता जेवायला काय?

तेव्हा कळलं,
तिला काहीतरी फाडायचं होतं.
दोन बोटांत धरून वरणात बुडवायचं,
भाजीला कवेत घ्यायचं.
चमच्यानं जेवतात ती आजारी माणसं,
असं तिचं पक्कं मत.

जिना झाडायला येणाऱ्या गेंदाबाईनं
एका सकाळी झाडू बाजूला ठेवला, हात धुतले.
पाणी उकळतं हवं. मीठ. मग तळव्याच्या टाचेनं रगड,
अजून रगड, लाजू नको.
"गऊँ तो पामणा सारू था, बाबूजी,
हम तो इणी पे मोटा हुआ."
पीठ तिच्या बोटांखाली गोल फिरत गेलं,
जसं काही त्याला रस्ता ठाऊक होता.

माझी पहिली भाकरी
परातीतून तव्यापर्यंत अर्धीच पोचली.
बाकीच्यांना कडा नव्हत्या, किनारे होते.
एकोणिसावी फुगली.
मी न्हाणीघराच्या दारावर थापा मारल्या,
वृषाली साबणाच्या तोंडानं बाहेर आली,
आणि आम्ही दोघं विझवलेल्या गॅसपाशी
तिच्यातली वाफ जाईपर्यंत उभे राहिलो.

कोठीतले गहू गेंदाबाईच्या घरी गेले.
सगळे? तिनं दोनदा विचारलं.
मग पदर तोंडाला लावून हसली,
आता आमच्याकडे रोजच पामणे.

खोटं का बोलू,
परवा ऑफिसात बाफले होते.
तुपात बुडालेले, दोन खाल्ले.
मग कोपरापर्यंत हात धुतले,
गाडीच्या डिकीतला दुसरा शर्ट घातला
आणि घरी जाऊन मुलीचा पापा घेतला, कपाळावर,
तोंड घट्ट मिटून.

शाळेत डबे मधोमध ठेवतात.
बाईंनी बोलावून सांगितलं,
रेवा सगळ्यांना देते, कुणाचं घेत नाही,
जरा गर्विष्ठ वाटते मुलांना.
मी रिपोर्टची झेरॉक्स काढून दिली.
बाई वाचता वाचता खाली बसल्या.
आता डब्यात मी चार तुकडे जास्त घालतो,
लसणाच्या चटणीचे, कारण मागणी आहे.

काल रात्री दोन भाकऱ्या झाल्या,
ताट बोटानं पुसून झालं.
मी ओटा धुवायला घेतला होता.
"बाबा, अजून अर्धी."

अर्धी भाकरी थापता येत नाही.
पुन्हा पाणी उकळलं, पुन्हा तवा.
तिची अर्धी तिला दिली.
उरलेली मी ओट्याशी उभ्यानंच खाल्ली,
नुसत्या मिठाबरोबर.
गरम होती.