मूठ सोडवताना

ऑक्टोबरात उस्त्काला कुणी येत नाही.
वाफलच्या टपऱ्यांना फळ्या ठोकलेल्या,
किनाऱ्यावर एक बाई कुत्र्यावर ओरडते
आणि वारा तिचं ओरडणं तिच्याच तोंडात परत कोंबतो.
आम्ही आलोय. सतरा मुलं, त्यांच्या आया नाहीतर बाप,
बंद पडलेल्या विश्रामगृहाच्या व्यायामशाळेत
टेबलं, निळ्या गाद्या,
दिवसाला सहा बैठका, दहा दिवस.
गोदीतून रजा काढलीय. गाडी विकली
ते इथे कुणाला सांगितलेलं नाही.

बोग्ना इवोच्या तळपायावरून अंगठा फिरवते,
टाचेकडून करंगळीकडे, पावावर लोणी पसरावं तसा.
बोटं पंख्यासारखी फाकतात.
"हे पहिल्या-दुसऱ्या वर्षीच जायला हवं होतं," ती म्हणते,
रागावून नाही,
पाहुण्याने कोट चढवला, टोपीही घातली,
तरी दारात घुटमळतोय, अशा सुरात.
इवो आठ वर्षांचा आहे.

मान डावीकडे वळली की त्याचा डावा हात ताठ होतो,
उजवा कोपरात दुमडतो: नेम धरलेला तिरंदाज.
इवो डावरा. वहीकडे बघतो
आणि हात पेन्सिलीसकट वहीबाहेर निघून जातो.
शाळेच्या बाईंचा शेरा होता: लक्ष देत नाही.
मीही एकदा त्या हातावर मारलंय.
एकदा नाही.

दार आपटलं. सतरापैकी नऊ मुलांचे हात
एकदम हवेत उघडले,
झाडावरून पडताना फांदी शोधावी तसे.
बोग्ना उठली, दाराच्या फटीत टॉवेलची घडी कोंबली,
परत येऊन बसली.
मला वाटलं, उपचार कदाचित एवढाच असेल.

एल्ब्लाँगची दोब्रोख्ना वहीत सगळं टिपते.
यागोदा आज टाच टेकून चार पावलं चालली.
काल तीन. परवा पाच.
तिच्या वहीत बेरीज नाही, नुसते आकडे.
स्वूप्स्कच्या डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या होत्या,
"पुरावा फारसा नाही. पण नेऊ नका
असंही मी म्हणणार नाही."
त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत
मी सहा महिने राहिलो.

मूठ सगळ्यात अवघड.
हाताला काही लागलं की बोटं मिटतात,
मालकाला विचारत नाहीत.
चमचा, माझी बाही, मांजराचं शेपूट,
एकदा बसमध्ये अनोळखी बाईचे केस.
तिचा थांबा गेला, आमचाही गेला,
आणि ती माझी समजूत काढत राहिली.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे.
उघडायचा भाव मी पावतीवर वाचलाय.

मी आयुष्यभर पत्रे जोडले.
काळ्या काचेआडून ठिणगी, मग शिवण, मग निवू देणं,
मग हातोडीने ठोकून बघणं, कुठे सुटत तर नाही.
सुटली ती चूक. मला एवढंच येतं.
बोग्ना माझी तर्जनी इवोच्या मुठीत ठेवते
आणि सांगते: ओढू नका.
आधी अजून घट्ट धरायला लावा त्याला.
धरणं पुरं झाल्याशिवाय सोडणं येत नाही.
सात सेकंद. मनात मोजा.

मोजतो.
सहावा दिवस, चौथी बैठक,
खिडकीबाहेर पाइन एकाच अंगाला कललेले,
वारा नसतानाही.
पाचाला त्याने माझ्याकडे बघितलं.
साताला काही झालं नाही.
आठ. नऊ.
बोग्ना तिच्या गार झालेल्या चहाकडे बघत होती.
अकराला करंगळी उठली.
एकटीच. बाकीची चार बोटं
तिच्याकडे न बघता तशीच चिकटलेली.

"लिहून ठेवा," दोब्रोख्ना पलीकडच्या गादीवरून म्हणाली
आणि पेन पुढे केलं.
घ्यायला माझा हात मोकळा नव्हता.