चौसष्टावा ठोका

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात
मी तो पत्रा परत घेऊन गेले.
बाकीची भोकं बोलतात, शेवटचं मुकं आहे.
झोएबभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
वायर लावली, आणि चहा सांगितला.
चहा आला. अर्धा झाला. तेव्हा कुठे
टक्.
"मेलं नाही," म्हणाले. "मोजतंय."

घोडपदेवला, दुसऱ्या मजल्यावर,
आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर माझं सगळं मांडलेलं.
एक ठोका आत जातो, मिनिटाला चाळीस,
झोपलेल्या माणसाच्या नाडीहून जरा सावकाश,
आणि बाहेर पडताना त्याचे वाटे होतात.
दर दुसऱ्याला पाट्यावर वरवंटा टेकल्यासारखा एक आवाज.
दर तिसऱ्याला पितळी, ओठांवर पाण्याचा थेंब असलेला.
पाचव्याला काहीच वाजत नाही, फक्त फिल्टर उघडतो,
बंद खोलीचं दार कुणी किलकिलं करावं तसा,
आणि आतला गोंगाट तेवढ्यापुरता कळतो.
सातव्याला गोदरेजचं कपाट. रिकामं.
माझा जीव सातव्यावर. तो कधीच
कुणाच्या पंगतीत वेळेवर बसत नाही.

नवा सूर मी एकही शोधलेला नाही.
एकच ठोका आहे,
आणि कुणी किती वेळ गप्प बसायचं, एवढंच मी ठरवते.

खालून काठी वाजायची. तोंडवळकर.
छताला तीनदा, झाडूच्या दांड्यानं.
मी आवाज कमी करायचे, हेडफोन घालायचे,
पण मग कपाट फक्त माझ्याच डोक्यात वाजायचं,
आणि ते काही खरं नव्हे.

एका रविवारी ते वर आले. बनियन, लेंगा,
कानाच्या पाळीला तपकिरीचा डाग.
मी माफीची तयारी करून उभी. ते म्हणाले,
"ते पत्र्याचं उशिरा का येतं?"
सातचा पाढा, म्हटलं.
"मग पंधराव्याला घोळ काय होतो?"
तीन आणि पाच भेटतात.
"हां," म्हणाले, आणि न विचारता खुर्चीत बसले.

चौतीस वर्षं ते महापालिकेच्या शाळेत घंटा द्यायचे.
घड्याळ हेडमास्तरांच्या खोलीत. हातोडा यांच्या हातात.
"दिवस एकच असतो गो. तुकडे मी करायचो.
आठ तास. छोटी सुट्टी, मोठी सुट्टी.
पोरांना वाटायचं वेळ घड्याळातून येते."
मग बोटांच्या पेरांवर, ओठ हलवत,
पाव, अर्धा, पाऊण, एक,
पाव, अर्धा, पाऊण, एक,
आणि माझे लाल दिवे त्यांच्यामागे लुकलुकत.
माझ्या वर्गाला पावकी कुणी शिकवलीच नाही.
यांनी ती खिडकीबाहेर स्टुलावर बसून पाठ केलेली.

"यात सुट्टीची घंटा कुठली?"

मी शेवटचं भोक दाखवलं. चौसष्टावा ठोका.
तिथे खर्ज लावलाय, म्हटलं, आणि पुढे लांब प्रतिध्वनी,
पण थांबावं लागतं.
"थांबू की."

दोघं थांबलो.
गोदीच्या बाजूला कुणीतरी लोखंड आपटत होतं,
तेही आमच्यात मोजलं गेलं.
तोंडवळकरांचा अंगठा पेरांवरून सरकत होता.
पंचेचाळीसला ते हसले. छप्पन्नला कपाट.
साठाव्याला दोन, तीन, पाच सगळे एकदम अंगावर,
जिन्यात पोरं ढकलाढकली करतात तसे.
एकसष्ट.
बासष्टला त्यांनी हात पुढे केला
आणि ते छोटं पांढरं बटण दाबलं,
ज्यानं सगळे पुन्हा पहिल्यावर येतात.

खर्ज आलाच नाही.
मी काही बोलायच्या आत ते उठले,
गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"परीक्षेच्या शेवटच्या दिवशी
दोन मिनिटं आधीच द्यायचो.
कुणाला कधी कळलं नाही."

दारात थबकले. "पोरांना कळायचं," म्हणाले.

जिन्यावर त्यांची पावलं, एकाआड एक जड.
दिवे पहिल्यापासून मोजत होते.