दीर्घ रू

झाकण मिटलं की हा झोपत नाही.
वारज्याहून अप्पा बळवंत चौकापर्यंत
मांडीवरच्या पिशवीत टक्क जागा,
डेक्कन येईतो
भाकऱ्यांच्या डब्याइतका तापलेला.
शेजारची बाई विचारते, डब्यात काय?
मी म्हणते, व्याकरण.

तन्वीर अत्तारनं बसवून दिलं हे सगळं,
सात हजारांच्या जुन्या लॅपटॉपवर,
एका पेनड्राइव्हमधून, दोन कप चहात.
"मोफत आहे काकू, पण फुकटचं नाही,"
म्हणाला, आणि शंभर पानी वहीत
कमांड लिहून दिल्या एकेक.
खाली तांबड्या शाईत:
एक टिंबसुद्धा चुकवायचं नाही.
मुद्रितं तपासणाऱ्या बाईला
हे सांगतात का कुणी?

पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही.
पहिल्या आठवड्यात वाटलं, कीबोर्ड गेला.
आता सवय झाली,
नवस बोलावा तसा, ओठ न हलवता.

ज्या प्रिंटरसाठी दुकानदारानं
तीनदा पैसे घेतले होते,
तो इथे वायर लावताच कुरकुरत चालू झाला.
उलट, उजेड कमी करायला जावं
तर शेवटच्या पायरीवर पडदा थेट काळा.
मग अंधारात चाचपडत
शेजारचं बटण शोधायचं.

बिलांपुरती विंडोज ठेवलीय एका कोपऱ्यात,
पोटभाडेकरू म्हणून.
तिच्यात डोकावलं की घड्याळ साडेपाच तास मागे.
घड्याळ एकच, दोघींची पंचांगं वेगळी, तन्वीर म्हणायचा.
इलाज आहे वहीत, पान एकेचाळीस.
पण तन्वीर आता लीड्सला,
आणि हिवाळाभर ते चुकलेलं घड्याळ
त्याची बरोबर वेळ सांगतं.
फोन करण्याआधी बघून घेते, उठला असेल का.
उन्हाळ्यात तासाभरानं चुकतं.
तेवढं चालतं.

तर, सांगायचं होतं ते रूचं.

मेनू मराठीत आहे. कुणीतरी बसून केलाय,
पगाराशिवाय, बहुधा रात्री.
कारण 'रद्द करा' नीट, 'लागू करा' नीट,
आणि शेवटी डोळे मिटत आल्यासारखं
'पुन्हा सुरु करा'.
रु ऱ्हस्व.
रोज लॅपटॉप बंद करताना
दाताखाली यायचा,
भातातल्या खड्यासारखा.
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पानांवर
समासात खुणा करते.
ह्या चौकटीला समासच नव्हता.

तन्वीर म्हणाला, कळवा की.
कुणाला?
कुणालाही. उघडंच आहे ते.
मग दोन ओळी लिहिल्या,
अंत्य उकार दीर्घ, वगैरे,
पाठवल्या आणि विसरून गेले.
खोटं कशाला, विसरले नाही.

तीन महिन्यांनी वसईच्या कुणा ऑल्विन तुस्कानोचं उत्तर:
बरोबर आहे. मग 'गुरु'चं काय करू?
मी लिहिलं, एकटा असेल तर दीर्घ,
समासात गेला की ऱ्हस्व.
त्यानं लिहिलं, माणसांसारखंच.
इतकीच आमची ओळख.

आणि एका मंगळवारी,
नळाला पाणी यायच्या वेळी,
एकशे बारा पॅकेजांच्या अपडेटमधून
माझा रू आला.
बादली तशीच वाहू दिली.
चौकटीत नीट वळणदार शेपटीनं
'पुन्हा सुरू करा'.
इथे, आणि परभणीत, अकोल्यात,
कुठल्याशा शाळेतल्या धुळकट संगणकावर,
कुणाच्याही लक्षात न येता.

गरज नव्हती तरी दाबलं.
पडदा काळा झाला, पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या,
पंखा एकदा खाकरला.
उठला तेव्हा वाय-फाय गायब.

वही काढली. पान सतरा.