शिल्लक

वडाळ्याच्या ऑफिसात एसी सातलाच बंद होतो.
चाळिसाव्या ओळीत चूक, म्हणतं मशीन.
चाळिसावी ओळ तीनदा वाचली,
तिच्या पोटात पाप नाही.

मग मॅक्रो उलगडला.
कंस, कंसात कंस,
आणि मधोमध एक ओळ
जी कुणीच लिहिलेली नाही.
तिथे माझ्या 'शिल्लक'वर
दुसरीच शिल्लक बसलेली,
कर्णिकबाईंनी निवृत्तीआधी आत ठेवलेली.
म्हणून गोदीतला एक कंटेनर
रोज दोनदा उतरायचा, कागदावर.

बाईंना फोन लावला.
"तेव्हा मी एकटीच होते गं,
नावाला नाव भिडेल असं कुठे..."
मागे कुकरची शिट्टी.

आतलीला नवं नाव दिलं: जी-११८७.
या नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही.
वरच्या कॉमेंटमधलं 'व. कर्णिक'
तेवढं राहू दिलं.