साइड रिदम

पोस्टरवर गायकांचे फोटो,
तळाला ‘आणि इतर वादकवृंद’.
त्या ‘इतर’मध्ये मी, दस्तगीर शिकलगार, मिरज.
खंजिरी, घुंगरू, कब्बास, ट्रँगल.

एका गाण्यात ट्रँगल एकदाच वाजायचा,
दुसरं कडवं संपताना.
तोवर मोजत बसायचं.
तासगाव, विटा, कवठेमहांकाळ,
गणपतीत दहा रात्री दहा गावं,
एका टिंगसाठी.

मग ऑक्टोपॅड आला.
आठ चौकोनांत आम्ही सगळे मावलो,
पाकीट एकाचं.

आता सांगलीत, मार्केट यार्डात
हळदीची पोती मोजतो.
शेठ म्हणतो, तुझी मोजणी कशी चुकत नाही रे?

काल काट्याच्या साखळीवर
हूक आपटला.
टिंग.
अगदी जागेवर.

पुढचं कडवं सुरू व्हायची
वाट बघत राहिलो,
आणि पोतं कितवं, तेच विसरलो.