साडेसातशे ग्रॅम

तळघरात माझं टेबल. डोक्यावर क्लबची पावलं.
तलवारीच्या टोकात एक स्प्रिंग असते, नखाएवढी.
तिच्यावर साडेसातशे ग्रॅमचं वजन ठेवायचं.
उचललं तर पास,
नाही तर डबीतली नवी.
चाळीस वर्षं मी, एटेल्का, बुडापेस्टमध्ये हेच केलं,
आणि तिहामेर वादकेर्तीच्या तलवारी
सगळ्यांच्या आधी तपासल्या. हे कुणाला सांगू नका.

तो बायाचा, नावाड्याचा मुलगा.
पोहायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं,
डॅन्यूबने बुडवलं नाही, एवढंच.
सैन्याच्या क्लबात बूट मिळाले दोन नंबर मोठे;
पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून धावला
आणि पहिल्या वर्षी सदतिसावा आला.

त्यांच्या तलवारबाजीत प्रत्येकाशी एकच टोच.
लागली की संपलं, मास्क काढा, पुढचा या.
हरला की तो मास्क जरा उशिरा काढायचा.
त्याचं दुःख मी इतकंच पाहिलं.

घोडा मात्र चिठ्ठीने यायचा.
अनोळखी जनावर, ओळखीला वीस मिनिटं.
बाकीचे लगाम आवळत, टाचा मारत;
हा पहिली पाच मिनिटं नुसता उभा,
घोड्याच्या मानेवर तळहात, ओठ हलताहेत.
काय बोलतोस रे, मी एकदा विचारलं.
"बापाचं नाव सांगतो, गाव सांगतो.
पाठीवर कोण बसणार, ते त्याला कळायला नको?"
मी तेव्हा टोकाचे स्क्रू मोजत होते.
पुन्हा पहिल्यापासून मोजले.

मग तो सप्टेंबर. पाचवा दिवस, बर्चच्या रानातले चार किलोमीटर.
धावून आला आणि गवतात बसला.
दुसरे अजून यायचे होते.
एक पंच मांडीवर वही घेऊन आकडे मांडत होता,
खोडत होता, पुन्हा मांडत होता.
अकरा मिनिटं तो जगज्जेता होता
आणि त्याला ठाऊक नव्हतं.
बुटातून कागदाचा बोळा काढून वाचत बसला होता,
शिळी बातमी, बीटाच्या भावाची.
बूट तोवर मापाचे झाले होते; बोळ्याची सवय राहिली होती.

पुढच्या वर्षी चिठ्ठीत हार्मात आली. हार्मात म्हणजे दव.
सातव्या अडथळ्यापाशी थांबली. पुन्हा थांबली.
तिसऱ्यांदा तो तिच्या कानांवरून पलीकडे गेला, एकटाच.
त्याने चाबूक उचलला नाही,
हे पेपरांनी दोषासारखं छापलं.
हासडी जुळली, पण वाकडी.
नंतर अकरावा, एकोणिसावा,
नंतर यादीत नाव शोधायला बोट फिरवावं लागे,
नंतर बोटही नाही.

आता त्या खेळातून घोडाच काढलाय.
मुलं लोंबकळतात, भिंतींवर चढतात. चांगली चढतात.
त्याला सांगितलं तर म्हणाला,
"मग चिठ्ठी कसली काढतात?"

परवा सव्वीस पायऱ्या उतरून आला,
कठड्याला धरून, काखेत जुनी तलवार.
कुणासाठी, विचारलं. कुणासाठी नाही. बघ तरी.
मी वजन ठेवलं.
स्प्रिंग खाली बसली ती बसलीच.
मी करंगळीने खालून जरासा आधार दिला.
"पास," म्हणाले.

त्याने माझ्या करंगळीकडे पाहिलं.
आज मास्क नव्हता,
उशीर करायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.