बहात्तर सेंटिमीटर

लिएपायाच्या बंदराजवळ माझं दुकान.
माणसं दोनच तक्रारी घेऊन येतात :
दूरचं दिसत नाही,
नाहीतर जवळचं दिसत नाही.
मधल्याची तक्रार सहसा कुणी करत नाही.
मधलं धूसर झालं की खुर्ची पुढे ओढतात,
दिव्याला शिव्या देतात,
म्हणतात, हल्ली छापणारे शाईत पाणी घालतात.

वेल्ता आली ती दोन चष्म्यांनिशी,
एक गळ्यात, एक केसांत.
"ह्याने बसचा नंबर दिसतो, ह्याने औषधाची चिठ्ठी.
मला वाचायचे असतात सूर."
एकतीस वर्षं व्हायोला वाजवते,
तिसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला,
जिथे हीटर पोचत नाही.

मी नेहमीचं पाठांतर म्हटलं :
एकाच काचेत तिन्ही अंतरं बसवून देतो,
वर दूरचं, खाली जवळचं, मधे मधलं.
फक्त हनुवटी जराशी उचलायची.

तिने मफलर सोडला.
जबड्याखाली, डावीकडे,
नाण्याएवढा तपकिरी घट्टा.
"ही उचलायची नसते," म्हणाली.
"हिच्याखाली लाकूड असतं."

इतक्या वर्षांच्या धंद्यात
गिऱ्हाइकाने मला असं गप्प केलं नव्हतं.
मग म्हटलं, मोजून आणा.
नाकाच्या दांडीपासून कागदापर्यंत,
वाजवायला बसता तशाच बसून.
टेपने नको. टेप पाहिली की माणूस
उगाच ताठ बसतो.

गुरुवारी सुतळी आली,
धुरावलेल्या माशांच्या पुडक्याची,
दोन गाठी मारलेली.
फूटपट्टीवर ताणली : बहात्तर.
दुकानभर मासळीचा वास.
आमच्या आयवार्सने खिडकी उघडली,
तर समुद्राचा वारा आत आला, म्हणजे तोच वास.

चाचणीची चौकट तिच्या नाकावर चढवली.
वाचायच्या नंबरातून निम्मा काढून घेतला,
मग पाव परत दिला.
आयवार्स कागद धरून दुसऱ्या गाठीपाशी उभा.
"आता?"
"आता रेघा पाच आहेत."
किती वेळ ती नुसती रेघाच मोजत होती.

बजावलं : कंडक्टर जरा धुरकट दिसेल.
"दिसू दे. हात हलतोय एवढं कळलं की पुरे.
चेहरा बघून कुणाचं भलं झालंय?"

महिन्याने परत आली. वाटलं, काच बदलायला लावणार.
तिने पिशवीतून कागद काढला,
कोपरे दुमडून मऊ पडलेला.
एकोणीस वर्षं एकाच स्टँडवर
तिच्या शेजारी स्कायद्रिते बसायची.
पान उलटायचं काम तिचं, पेन्सिलही तिची.
आता मुलाकडे, आयर्लंडला. नाताळात कार्ड येतं.
(आमच्या भाषेत त्या नावात 'स्पष्ट' हा शब्द आहे,
पण हे वेल्ता म्हणाली नाही, मीही नाही.)

"हे बघा."
सुरांच्या वर, फिक्या शिशाचे
दोन इवले गोल, मधे दांडी.
चष्मा.
वादकांची खूण : इथे सावध राहा, वर बघ.
चार ठिकाणी. चारही ठिकाणं तिच्या चुकांची.
स्कायद्रिते तिथे कधीच चुकायची नाही.

"मला हे डाग वाटायचे," वेल्ता म्हणाली.
"पाचवाही होता. तो मी खोडरबराने घालवला,
आणि तिला म्हटलं, कागद स्वच्छ ठेवत जा गं."

मग तिने पेन्सिल मागितली.
माझ्या सगळ्या कडक टोकाच्या.
आयवार्सकडे एक मऊ निघाली.
काउंटरवर वाकून, नवा चष्मा काढून,
जुना वाचायचा लावून,
खोडल्याच्या खरबरीत जागेवर
तिने एक गोल काढला. मग दुसरा, थोडा मोठा.

दांडी जरा वर हवी, मी म्हटलं.